रेड-१ मधली एक डिस्क बाहेर पडलीये, नवीन टाकायच्या आधी विचारतेय : एमडीएडीएम, डेबियन

पोथीवाली

नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल पण सगळं लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको.

कराडच्या बाजूच्या एका गावातल्या वाचनालयात आम्ही चार-पाच जण मिळून जुनी बांधीव मासिकं आणि काही हस्तलिखितं स्कॅन करतोय, तीन वर्षं झाली. सगळं ६०० डीपीआयच्या टिफ फाइल्समध्ये, आत्तापर्यंत साधारण १.७ टीबी झालंय. एक जुना डेस्कटॉप, डेबियन लिनक्स, सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर आणि डेटासाठी ४ टीबीच्या दोन डिस्का मिरर करून, म्हणजे दोन्हीवर तीच प्रत (यालाच रेड-१ म्हणतात), एमडीएडीएम या प्रोग्रॅमने जोडलेल्या. हे ज्या मुलाने लावून दिलं तो आता नोकरीला बाहेरदेशी आहे, त्याच्या वेळेत आणि आमच्या वेळेत मेळ बसत नाही म्हणून इथे आले.

परवा वाऱ्यापावसात दोनतीनदा लाईट गेली. यूपीएस आहे पण बॅटरी दमलीये. मशीन परत चालू केल्यावर सहज त्याने लिहून दिलेल्या वहीतली कमांड टाकली :

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

तर त्यात [२/१] [यू_] असं येतंय. वहीत लिहिलंय की दोन यू दिसले पाहिजेत. एसडीए१ दिसतेय, एसडीबी१ त्या ओळीतच नाही. फाइल्स उघडतात, काम चालू आहे.

नवीन ४ टीबी डिस्क मागवलीये, उद्या येईल. माझा विचार असा की एसडीबी काढायची, नवीन लावायची, ॲड करायची. बरोबर आहे ना? आणि दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या एकसारख्या दिसतात, तर कुठली काढायची ते कसं ओळखू? काही हस्तलिखितांची पानं स्कॅन करतानाच कडेने सुटलीयेत, ती परत काचेवर ठेवता येणार नाहीत, त्यामुळे हात थरथरतोय अगदी.

टर्मिनलनाना

ताई घाबरू नका, मिरर याच्यासाठीच असतो. एक गेली तरी दुसरी चालते. सोपं काम आहे. मशीन बंद, जुनी एसडीबी काढा, नवीन लावा, पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा नकाशा) एसडीए वरून कॉपी करा आणि मग

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीबी१

एवढंच. मग एमडीस्टॅट बघत बसा, ४ टीबीला सात-आठ तास धरा. कमांडा मी मराठी अक्षरात लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका, सगळी लहान अक्षरं.

रात्रपाळी

ताई, थांबा. नाना, तुमची पद्धत चुकीची नाहीये पण आत्ता नको, कारण एसडीबी का बाहेर पडली हे कुणीच बघितलेलं नाही आणि एसडीए चांगली आहे हे आपण नुसतं धरून चाललोय. नवीन डिस्क ॲड केली की एमडी, म्हणजे मिरर सांभाळणारा लिनक्सचा भाग, एसडीए पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत सगळी वाचणार, तुमचा डेटा १.७ टीबी असला तरी वाचणार पूर्ण ४ टीबी, कारण एमडीला खाली फाइलसिस्टिममध्ये काय भरलंय ते माहीत नसतं. तीनचार वर्षं ज्या भागाला कुणी हात लावला नाही तो भाग त्या दिवशी पहिल्यांदा वाचला जातो, आणि दुसरी डिस्क मरते ती नेमकी त्याच रात्री. मी हे दोनदा बघितलंय.

तर आधी काहीही न काढता, काहीही न जोडता फक्त वाचणाऱ्या कमांडा द्या आणि आउटपुट इथे टाका.

एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०
एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीए१
एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१
स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए
स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी
डीमेसेज (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही), आणि त्यात एमडी आणि एटीए असलेल्या ओळी

आणि हे आत्ताच करा, आउटपुटची वाट न बघता : स्कॅनिंग बंद ठेवा, आणि तो डेटाचा व्हॉल्यूम फक्त-वाचा करून घ्या, माउंट -ओ रिमाउंट,आरओ आणि पुढे फोल्डरचा पत्ता.

डिस्क ओळखायचं म्हणाल तर एसडीए एसडीबी ही नावं डिस्कची नाहीत, मशीन चालू होताना जी आधी सापडली तिला दिलेली आहेत, उद्या केबल इकडची तिकडे झाली तर नावंही बदलतील. खरी ओळख म्हणजे सिरियल नंबर.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

यात येतो तो नंबर डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो. तो कागदावर लिहा, मशीन बंद करून दोन्ही डिस्कांवर शेवटचे चार आकडे मार्करने मोठे लिहून ठेवा. लोकांनी चांगली डिस्क काढून खराब तशीच ठेवल्याची उदाहरणं मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

पोथीवाली

बाप रे. बरं झालं विचारलं. व्हॉल्यूम फक्त-वाचा केला. सगळं आउटपुट खूप मोठं आहे म्हणून मला महत्त्वाचं वाटलं ते लिहिते.

डिटेल मध्ये : स्टेट क्लीन, डिग्रेडेड. एक ओळ आहे इंटेन्ट बिटमॅप : इंटर्नल. मेटाडेटा व्हर्जन १.२.

एक्झामिन मध्ये एसडीए१ चा इव्हेंट्सचा आकडा ४८२१३, अपडेट टाइम आजचा. एसडीबी१ चा ४१९०७ आणि अपडेट टाइम अकरा दिवसांपूर्वीचा!! म्हणजे परवाच्या लाईटीचा संबंधच नाही, अकरा दिवस आम्ही एका डिस्कवर काम करत होतो आणि कुणालाच पत्ता नाही. अंगावर काटा आला वाचून.

डीमेसेज मध्ये एक ओळ : किकिंग नॉन-फ्रेश एसडीबी१ फ्रॉम ॲरे.

स्मार्ट मध्ये (डिस्कची स्वतःच्या तब्येतीची नोंद) एसडीबी : रिअलोकेटेड ०, करंट पेंडिंग ०, यूडीएमए सीआरसी एरर काउंट १४१२.
एसडीए : रिअलोकेटेड ०, करंट पेंडिंग २४, ऑफलाइन अनकरेक्टेबल २४, सीआरसी ०.

हे २४ म्हणजे काय, फार आहे का?

रात्रपाळी

ताई, उलटं आहे सगळं. जी बाहेर पडलीये ती डिस्क बहुतेक धडधाकट आहे आणि जिच्यावर तुमचं सगळं उभं आहे ती आजारी आहे.

नीट सांगतो. सीआरसी एरर, म्हणजे स्मार्टमधला १९९ नंबर, हा डिस्कच्या तबकडीचा दोष नसतो, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्याचा असतो, म्हणजे साटा केबल, कनेक्टर, कधी पॉवरचा ढिला पिन. मध्ये कधीतरी लिंक तुटली, चालू असलेलं राइट अडकलं, आणि एमडीने एसडीबी बाहेर काढली. तिथपासून ती अकरा दिवस जुन्या अवस्थेत तशीच पडून आहे. मशीन रीस्टार्ट झालं तेव्हा एमडीने दोघींचे इव्हेंट्स, म्हणजे बदलांचे आकडे, जुळवून बघितले, एसडीबी मागे राहिलेली दिसली, म्हणून नॉन-फ्रेश म्हणून बाहेरच ठेवली. हे त्याने बरोबरच केलं.

एसडीए चे पेंडिंग २४ म्हणजे एवढे सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीयेत. आजकालच्या डिस्क आतून ४ केबीचे सेक्टर ठेवतात आणि बाहेर ५१२ बाइटचे दाखवतात, म्हणून हा आकडा बऱ्याचदा आठच्या पटीत वाढतो, तुमच्याकडे प्रत्यक्षात तीन जागा खराब असतील. आकडा छोटा आहे पण मिरर जोडीत असता तर याचं काहीच वाटलं नसतं, एमडी दुसऱ्या डिस्कवरून वाचून तीच जागा परत लिहून दुरुस्त करून टाकतं. आत्ता दुसरी डिस्कच नाही.

नवीन डिस्क ॲड केली असती तर एमडी त्या तीन जागांवर अडखळलं असतं, आणि ती जागा कुठल्या पानावर आहे ते नंतर शोधत बसावं लागलं असतं.

टर्मिनलनाना

मान्य. मी घाईत लिहिलं, एसडीए बघायला सांगायला हवं होतं. ताई, रात्रपाळी म्हणतायत तेच करा.

कोकणपेंग्विन

मध्येच बोलतो, पण सगळ्यात आधी बॅकअप! ताई तुम्ही कुठेही दुसरी कॉपी आहे असं लिहिलेलं नाही. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हो, चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जातं, फाइल खराब झाली तर दोन्हीकडे तशीच खराब. मिरर फक्त डिस्क मेली तरी काम न थांबण्यासाठी आहे. माझ्या मते तुमच्यासारख्या कामाला रेडची गरजच नाही, दोन वेगळ्या डिस्का आणि रोज रात्री आरसिंक (बदललेल्या फाइल्सच कॉपी करणारा प्रोग्रॅम), त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, हे जास्त उपयोगाचं.

रात्रपाळी

बॅकअपबद्दल शंभर टक्के. रेड काढून टाका याला माझा विरोध आहे. दिवसभर पाच माणसं स्कॅन करतायत आणि दुपारी तीनला डिस्क गेली तर त्या दिवसाचं काम रात्रीच्या आरसिंकमध्ये नसतं, आणि ताई म्हणतायत तशी पानं परत काचेवर ठेवता येत नाहीत. इथे दोन्ही पाहिजे. पण तो वाद नंतर, आधी हे सोडवू.

ताई, क्रम असा ठेवा.

उद्या येणारी नवीन डिस्क मशीनच्या आत लावूच नका. यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडा, तिच्यावर फाइलसिस्टिम करा आणि आरसिंक -एव्ही ने सगळा डेटा कॉपी करा. रात्रभर लागेल. आरसिंक जिथे वाचता येणार नाही तिथे इनपुट/आउटपुट एरर म्हणून फाइलचं नाव देईल आणि पुढे जाईल, शेवटची ओळ नुसती बघू नका, आउटपुट फाइलमध्ये साठवा म्हणजे नावं मिळतील. एकटीच उरलेली डिस्क वाचताना चुकली तरी एमडी तिला बाहेर काढत नाही, फक्त एरर वर पाठवतो, त्यामुळे ॲरे, म्हणजे डिस्कांची जोडी, बंद पडेल ही भीती नको.

बॅकअप झाल्यावर मशीन बंद करून एसडीबीची साटा केबल बदला, साधी नवीन केबल, लॉकची पट्टी असलेली घ्या, आणि बोर्डावर दुसऱ्या पोर्टला लावा.

मग महत्त्वाचं. तुमच्याकडे बिटमॅप इंटर्नल आहे ही फार मोठी गोष्ट आहे. बिटमॅप म्हणजे हजेरीपट, डिस्कचे साधारण ६४ एमबीचे वाफे पाडलेले असतात आणि जोडीदार नसताना कुठल्या वाफ्यात लिहिलं गेलं त्याची खूण ठेवलेली असते. त्यामुळे एसडीबी परत आत घेताना पूर्ण ४ टीबी कॉपी करावे लागत नाहीत, फक्त या अकरा दिवसांत बदललेले वाफे :

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --री-ॲड /डेव्ह/एसडीबी१

आणि यातली खरी गंमत अशी की एसडीए वरच्या तीन खराब जागा जर जुन्या स्कॅनवर असतील तर त्या या कॉपीत वाचाव्याच लागणार नाहीत, आणि एसडीबीवर त्यांची चांगली प्रत जशीच्या तशी शाबूत आहे. अडचण फक्त तेव्हा, जेव्हा खराब जागा बदललेल्या वाफ्यातच पडेल. ६४ एमबी म्हणजे तशी मोठी जागा, शेजारी छोटी फाइल लिहिली तरी पूर्ण वाफा परत कॉपी होतो, म्हणून तर आधी बॅकअप.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, एसडीबीवर झीरो-सुपरब्लॉक चालवायचं नाही, कुठल्याही व्हिडिओत सांगितलं तरी, कारण मग ती ओळखच पुसते आणि री-ॲडचा रस्ता बंद. दोन, जुनी प्रत बघायला म्हणून एसडीबी वेगळी ॲरे करून माउंट करायची नाही. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) नुसतं वाचायला माउंट केलं तरी जर्नल, म्हणजे अर्धवट लिखाणाची नोंद, परत चालवतं, म्हणजे लिहितं. मग दोन्ही डिस्का आपापल्या वाटेने पुढे गेलेल्या होतात आणि त्यांचा मेळ घालणं फार अवघड.

जुनीपाटी

रात्रपाळी यांनी सगळं सांगितलंय, एकच भर. अशा साध्या डेस्कटॉप डिस्का खराब सेक्टर आला की तो वाचायला हट्टाने प्रयत्न करत बसतात, कधी मिनिट-दोन मिनिटं. इकडे कर्नल ३० सेकंद वाट बघतं आणि मग लिंकच रीसेट करतं, आणि एमडीला वाटतं डिस्क गेली. म्हणजे एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क बाहेर. यासाठी

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीए

७० म्हणजे ७ सेकंद, आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. एवढ्यात नाही जमलं तर सोडून दे असं डिस्कला सांगायचं. नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) डिस्कांत हे बहुधा आधीच असतं. तुमच्या डिस्कने सपोर्ट नाही असं सांगितलं तर उलट करा, कर्नलला जास्त थांबायला लावा, /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये १८० लिहा. यातलं काहीच रीस्टार्टनंतर टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून मी बूटच्या स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवतो.

पोथीवाली

तीन दिवसांनी लिहितेय.

डिस्क आली, डबी शेजारच्या मोबाइलवाल्या दादांकडून उसनी आणली. रात्री आठला आरसिंक लावलं आणि सकाळी सहाला येऊन बघितलं तर संपलेलं. एरर दोन फाइल्सवर. एक कुठल्यातरी मासिकाची जाहिरातीची पानं, ते जाऊ दे, पण दुसरी त्या हस्तलिखितातली, ज्याचं पान आता तुकड्यात आहे. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

मग केबल बदलली. जुन्या केबलला लॉक नव्हता आणि ती वळवून दाबून बसवलेली होती, हात लावला तर हलत होती. सिरियलचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहिले दोन्हीवर. मशीन चालू केल्यावर खरंच नावं बदलली होती हो! जुनी एसडीबी आता एसडीए झाली होती. वहीतले आकडे नसते तर मी उलटंच केलं असतं. खाली मात्र गोंधळ नको म्हणून जुनीच नावं वापरते.

री-ॲड टाकलं. चार तास लागतील म्हणून डबा घेऊन बसले होते, सहा मिनिटांत संपलं. [२/२] [यूयू].

आणि ती दोन्ही पानं उघडली. पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. लगेच दोन्ही फाइल्स बॅकअपवर घेतल्या. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, वाचनालयातले आजोबा तर म्हणाले की त्या माणसांना जेवायला बोलव.

आता पुढे काय? पेंडिंग २४ वालीचं काय करू?

रात्रपाळी

डोळ्यात पाणी आलं ताई वाचून, खरंच. जेवायला नक्की येणार.

आता पूर्ण तपासणी लावा : /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_ॲक्शन या फाइलमध्ये चेक हा शब्द लिहायचा, इको ने. दोन्ही डिस्का पूर्ण वाचल्या जातील, एसडीए जिथे अडेल तिथे एसडीबीवरून घेऊन परत लिहिलं जाईल. झाल्यावर पेंडिंग परत बघा, शून्यावर आलं पाहिजे. काही वेळा रिअलोकेटेड वाढतो, काही वेळा तीच जागा परत लिहिल्यावर नीट चालते. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते, पण रविवारी वाचनालयातलं मशीन बंद असेल तर ती कधीच झालेली नसणार, हे बघून घ्या.

पेंडिंग शून्य झालं तरी ती डिस्क मी अशा डेटासाठी ठेवणार नाही. अजून एक डिस्क घ्या, बॅकअपवाली बॅकअपलाच राहू दे. नवीन डिस्क तिसरी म्हणून आत लावा, जुनी न काढता. खाली मीही जुनीच नावं लिहितोय, टाकताना सिरियल बघून आजची नावं टाका. पार्टिशन टेबल कॉपी करताना

एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीसी /डेव्ह/एसडीबी

यात पहिलं नाव नवीन डिस्कचं आणि दुसरं जिच्यावरून घ्यायचं तिचं. उलटं झालं तर रिकामं टेबल चांगल्या डिस्कवर जाईल, म्हणून एंटर दाबायच्या आधी दोन माणसांनी बघा, सिरियल नंबर समोर ठेवून. मग एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीसी म्हणजे तिला स्वतःची वेगळी ओळख मिळेल. यातली आर आणि जी दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरात बरं का, लहान जी चा अर्थ वेगळा आहे.

त्यानंतर

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीसी१
एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीए१ --विथ /डेव्ह/एसडीसी१

लोक सवयीने आधी फेल आणि रिमूव्ह करतात आणि मग आठ तास एका पायावर उभे राहतात. रिप्लेसमध्ये जुनी डिस्क काम होईपर्यंत आतच असते, ती कुठे अडली तर दुसरीवरून घेतात. पूर्ण झाल्यावरच ती फॉल्टी म्हणून बाजूला होते, मग रिमूव्ह करा.

जुनीपाटी

आणि ते अकरा दिवस! ईमेलची व्यवस्था करा ताई. /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये मेलॲडर अशी ओळ असते, तिथे बहुतेक नुसतं रूट असेल, म्हणजे पत्र त्याच मशीनच्या आत पडून राहतं, उघडतं कोण. खरा पत्ता टाका, मशीनवरून बाहेर मेल जाते का ते बघा आणि

एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट

याने खोटा इशारा पाठवून बघा. पत्र मिळेपर्यंत झालं असं समजू नका. त्या ओळीत एकच पत्ता धरला जातो, म्हणून तिथून पत्र दोघांकडे जाईल असं करा, एक जण गावाला गेला तरी दुसऱ्याला कळेल.

कोकणपेंग्विन

आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. वाचनालयाला पाणी लागलं, वीज पडली तर सगळं एकत्र जाईल. आजोबांच्या घरी ठेवा. रेडबद्दलचं माझं म्हणणं या केसपुरतं मागे घेतो, मिरर नसता तर ते पान गेलंच होतं.

पोथीवाली

चेक झालं, साडेसात तास. पेंडिंग ०, रिअलोकेटेड ०. डिस्क तरीही बदलतेय, वर्गणीतून पैसे निघाले. यूपीएसची बॅटरीपण सांगितलीये.

मेलची चाचणी केली, माझ्या आणि वहिनींच्या दोघींच्या फोनवर आली. बॅकअपची डिस्क प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आजोबांच्या देवघरातल्या कपाटात ठेवलीये, दर शनिवारी आणून आरसिंक करायचं आणि परत न्यायची असं ठरलंय. आणि त्या मुलाच्या वहीत पुढच्या पानावर मी हे सगळं लिहून काढलंय, सिरियल नंबरांसकट, खाली तारीख टाकून.